दुखते कुल्ल्यात, नस दबते कमरेत



मुंबईच्या लोकलगाडीतील 'चौथी सीट' तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिघांसाठी केलेल्या बाकावर "जरा सरका" म्हणत चौथा माणूस टेकतो. त्याचा एक कुल्ला बाकाच्या कडेवर असतो आणि दुसरा अधांतरी. मी मुलुंडला राहतो. घाटकोपरपर्यंत लोकल आणि तेथून मेट्रोने अंधेरी, हा माझा महाविद्यालयात जाण्याचा रोजचा मार्ग. सकाळच्या गर्दीत चौथी सीट मिळाली तरी आम्ही स्वतःला भाग्यवान समजतो.

दोन वर्षांपूर्वी फळ्यापुढे उभा राहून तरफेचा नियम शिकवत असताना माझ्या उजव्या कुल्ल्यात एकाएकी कळ आली. ती मांडीच्या मागून पोटरीत आणि पोटरीतून थेट पायाच्या करंगळीपर्यंत उतरली. शिक्षकांच्या खोलीत येताच निदाने सुरू झाली. एक सहकारी म्हणाले, "मणक्यात गॅप आली असणार." दुसरे म्हणाले, "नस दबलीय, कायरोप्रॅक्टरकडे जा, एका झटक्यात मोकळी करतो." घरी आई म्हणाली, "उसण भरली आहे, शेक घे आणि पडून राहा."

मला मात्र दोन प्रश्न पडले. दोष कमरेत असेल तर दुखते कुल्ल्यात आणि करंगळीत का? आणि शरीर न उघडता, केवळ हातांनी तपासून, दोष कोठे आहे हे कोणाला कसे कळू शकते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना लक्षात आले की, ही तपासणी म्हणजे प्रयोगशाळेतील एक चांगला प्रयोगच आहे. त्यात लागणारे पदार्थविज्ञान तुम्ही शाळेत शिकताच.

शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू

आपल्या कमरेत पाच मणके असतात. त्यांच्याखाली पाच मणके एकमेकांना जुळून झालेले त्रिकास्थी हे हाड असते. दर दोन मणक्यांच्या मधल्या बाजूच्या छिद्रांतून मज्जातंतूंची एकेक जोडी बाहेर पडते. कमरेचे चौथे व पाचवे आणि त्रिकास्थीचे पहिले तीन, अशी पाच मुळे एकत्र येऊन एक जाड मज्जातंतू बनतो. त्याला 'सायाटिक' मज्जातंतू म्हणतात. शरीरातील हा सर्वांत जाड मज्जातंतू होय. कुल्ल्याच्या आत खोलवर 'पिरिफॉर्मिस' नावाचा एक लहान स्नायू असतो. बहुतेक माणसांत त्याच्या खालून हा मज्जातंतू बाहेर येतो, मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरतो आणि गुडघ्याच्या थोडा वर दोन शाखांत विभागून पावलापर्यंत पोहोचतो.

आता पहिला प्रश्न घेऊ. तुमच्या दारावर विजेची घंटा आहे. बटण दारात, घंटा स्वयंपाकघरात आणि मध्ये लांब तार. तारेचे आवरण वाटेत कोठेतरी झिजून आतल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या, तर घंटा वाजेल. घरातल्यांना वाटेल, दारात कोणीतरी आले. मेंदूचीही अशीच फसगत होते. करंगळीकडून येणाऱ्या तंतूला कमरेपाशी त्रास झाला, तरी मेंदूला तो संदेश करंगळीचाच वाटतो. म्हणून नस दबते कमरेत आणि दुखते कुल्ल्यात, पोटरीत, पावलात.

हे दुखणे फार जुने आहे. आयुर्वेदात त्याला 'गृध्रसी' म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. या रोगाच्या माणसाची चाल गिधाडासारखी होते, असा या नावाचा अर्थ सांगतात. चरकसंहितेत ही वेदना कुल्ल्यापासून सुरू होऊन क्रमाने कंबर, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल अशी उतरते, असे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेत या रोगात पाय उचलण्यास अडथळा होतो, अशी नोंद आहे. ही नोंद लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

युरोपात इटलीतील नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये हे दुखणे सांध्याचे नसून मज्जातंतूचे असू शकते, असे दाखवून दिले. पण मज्जातंतूला त्रास कशाचा होतो, हे कळण्यास १९३४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील बॉस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी दोन मणक्यांमधली चकती फुटून बाहेर आल्यामुळे मुळावर दाब येतो, हे शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांच्या आधारे सिद्ध केले.

चकती आणि तरफ

ही चकती म्हणजे मणक्यांमधली गादी. तिचा मधला भाग मऊ, पाणीदार असतो आणि भोवती चिवट तंतूंची कडी असतात. कडे कमजोर झाले की मऊ भाग मागच्या बाजूला सरकतो आणि जवळून जाणाऱ्या मुळाला टेकतो. नुसता दाबच त्रास देतो असे नाही. बाहेर आलेल्या भागामुळे तेथे दाह होतो आणि मूळ हुळहुळे बनते. 'मणक्यात गॅप आली' असे लोक म्हणतात, पण बहुधा उलट झालेले असते. चकती चपटी होऊन मणक्यांमधले अंतर कमी झालेले असते.

चकतीवर एवढा दाब येतो कोठून? एक साधा हिशेब करू. १५ किलोग्रॅम वजनाची पाण्याची बादली तुम्ही हात पुढे करून उचलली. ती पाठीच्या कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे आहे. तिला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर आहेत. कणा हा टेकू समजा. बल गुणिले अंतर दोन्ही बाजूंना समान हवे. म्हणून स्नायूंना

१५ × ४० ÷ ५ = १२०

किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. चकतीवर स्नायूंचा जोर आणि बादलीचे वजन अशी दोहोंची बेरीज, म्हणजे १३५ किलोग्रॅम भार येतो. यात वाकलेल्या धडाचे वजन आपण धरलेलेही नाही. हीच बादली अंगाजवळ, २० सेंटिमीटरवर धरली तर स्नायूंचा जोर निम्मा होतो.

हा नुसता कागदी हिशेब नव्हे. स्वीडनमधील नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीतील दाब मोजण्यास सुरुवात केली. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीतील दाबाची मोजमापे प्रसिद्ध केली. उताणे पडल्यावर ०.१, उभे असता ०.५, आणि पाठ वाकवून २० किलोग्रॅम उचलताना २.३ मेगापास्कल! वातावरणाचा दाब सुमारे ०.१ मेगापास्कल असतो. म्हणजे वाकून वजन उचलताना चकतीत वातावरणाच्या तेवीस पट दाब होता. तेच वजन गुडघे वाकवून उचलले तेव्हा तो १.७ वर आला.

कायरोप्रॅक्टर म्हणजे कोण?

'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द ग्रीक आहे. हातांनी करावयाचे काम, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये या पद्धतीला आरंभ केला. मणके जागेवरून हलल्याने जवळजवळ सगळे रोग होतात, असे पामर मानीत. ही कल्पना विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेली नाही. आज या व्यवसायातील बरेच लोक पाठ, मान व सांधे यांच्या दुखण्यापुरतेच काम करतात.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टर थोडे आहेत आणि या विषयाचे शिक्षण देणाऱ्या संस्था मुख्यतः परदेशांत आहेत. हातांनी व व्यायामाने उपचार करण्याची मुंबईतील परंपरा आहे ती भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ मध्ये भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. ते भारतातील पहिले. महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने भौतिकोपचारतज्ज्ञांच्या नोंदणीची सोय केली. एक गोष्ट मात्र सर्वांना समान आहे. अस्थिरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि नीट शिकलेला कायरोप्रॅक्टर हे तिघेही कुल्ल्याचे दुखणे तपासताना जवळजवळ त्याच चाचण्या करतात. आता त्या पाहू.

आधी ऐकणे, मग पाहणे

चांगला तपासनीस प्रथम हात लावीत नाही. तो विचारतो : दुखणे कधी सुरू झाले? ते गुडघ्याच्या खाली उतरते का? खोकताना, शिंकताना कळ येते का? बसल्यावर वाढते की चालल्यावर? पाकीट मागच्या खिशात ठेवता का?

प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. खोकताना पोटातील व कण्याच्या नळीतील दाब क्षणभर वाढतो. मूळ आधीच दबलेले असेल तर त्या क्षणी कळ येते. जाड पाकिटावर तासन् तास बसले की एका बाजूचे वजन थोड्या जागेवर येते. बल तेच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. शिवाय कंबर एका बाजूला कलते. आमची चौथी सीट हा त्याचाच प्रकार.

मग तो रुग्णाला उभे करून मागून पाहतो. दोन्ही खांदे व कमरेची हाडे एका पातळीत आहेत का? शरीर एका बाजूला झुकले आहे का? नंतर तो टाचांवर चार पावले आणि चवड्यांवर चार पावले चालायला सांगतो. हा खेळ वाटतो, पण तो खेळ नाही. ते पुढे कळेल.

पाय उचलण्याची चाचणी

आता मुख्य चाचणी. रुग्ण उताणा झोपतो. तपासनीस त्याचा गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू वर उचलतो. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कुल्ल्यातून गुडघ्याखाली कळ उतरली, तर मुळावर ताण येत असल्याचा संशय बळावतो. सर्बियाच्या लाझारेविच यांनी १८८० मध्ये या लक्षणाचे वर्णन केले. १८८१ मध्ये फ्रान्समधील लासेग यांच्या फोर्स्ट नावाच्या शिष्याने ते आपल्या प्रबंधात मांडले. आज ही चाचणी लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. सुश्रुतसंहितेतील पाय उचलण्याच्या अडथळ्याची नोंद येथे आठवते.

यामागील भूमिती पाहा. मज्जातंतू खुब्याच्या सांध्याच्या मागून जातो. समजा, तो सांध्याच्या केंद्रापासून ५ सेंटिमीटर मागे आहे. पाय ६० अंश, म्हणजे सुमारे १.०५ रेडियन फिरला, तर मागच्या वाटेची लांबी ५ × १.०५, म्हणजे जवळजवळ ५ सेंटिमीटर वाढते. सुरुवातीच्या ३० अंशांत मज्जातंतूचा सैलपणा निघून जातो. त्यानंतर तो ताठ होऊन मुळाला काही मिलिमीटर खाली ओढतो. मूळ मोकळे असेल तर सहज सरकते. चकतीवर ताणले गेलेले असेल तर ओरडते.

गुडघा वाकवला की गुडघ्यामागची वाट आखूड होते आणि दोरी पुन्हा सैल पडते. म्हणूनच गुडघा वाकवून पाय उचलला तर अशा रुग्णाला फारसे दुखत नाही. खुब्याच्या सांध्यातच दोष असेल, तर मात्र गुडघा वाकलेला असो वा सरळ, दुखतेच.

पण एक शंका उरते. पाय सरळ उचलताना मांडीच्या मागचे स्नायूही ताणले जातात. दुखले ते स्नायूमुळे कशावरून नाही? येथे तपासनीस एक युक्ती करतो. कळ येते त्या कोनापासून पाय थोडा खाली आणतो. कळ थांबते. आता मांडी व गुडघा अजिबात न हलवता तो फक्त पाऊल नडगीकडे वळवतो. मांडीचे स्नायू घोट्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा ताण बदलत नाही. मज्जातंतू मात्र घोट्याच्या पलीकडे जातो. कळ पुन्हा आली, तर बोट मज्जातंतूकडे वळते. प्रयोगात इतर सर्व स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलावी, असे आम्ही तुम्हांला सांगतो ना? ते हेच.

करून पाहा

एक : पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या घेऊन टाचणीने जोडा. पहिली धड, दुसरी मांडी, तिसरी पोटरी. मागच्या बाजूने एक दोरा न्या. त्याचे वरचे टोक धडाला चिकटवा आणि खालचे टोक पोटरीच्या कडीतून मोकळे सोडा. सांध्यांपाशी दोरा मागेच राहावा म्हणून लहान कड्या लावा. आता 'पाय' सरळ ठेवून उचला आणि मोकळे टोक किती वर सरकते ते पट्टीने मोजा. मग गुडघा वाकवून तोच कोन करा. दोन मापांची तुलना करा आणि कोन बदलून आलेख काढा.

दोन : खुर्चीवर मागे टेकून बसा. एक गुडघा हळूहळू सरळ करा. मांडीमागे ताण जाणवेल. आता पाय तसाच ठेवून हनुवटी छातीला लावा. अनेकांना ताण वाढल्याचे जाणवते. मान वर केली की तो कमी होतो. मांडीचा स्नायू मानेला जोडलेला नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत जाणारी एकच 'दोरी' आहे, ती म्हणजे मज्जासंस्था. ज्यांची पाठ किंवा पाय दुखतो त्यांनी हा प्रयोग करू नये. दुसऱ्याचा पाय ओढून तर कोणीच पाहू नये.

कोणते मूळ दबले?

येथवर एवढे कळले की मज्जातंतू त्रासात आहे. पण पाच मुळांपैकी कोणते? त्यासाठी तपासनीस तीन गोष्टी पाहतो : स्पर्श, शक्ती आणि प्रतिक्षिप्त क्रिया.

कमरेच्या चौथ्या मुळाकडे नडगीच्या आतल्या बाजूच्या त्वचेची संवेदना असते. गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारल्यावर पाय उडतो, त्या क्रियेतही त्याचा मोठा वाटा असतो. पाचव्या मुळाकडे पावलाचा वरचा भाग व अंगठा येतो. अंगठा वर उचलण्याची शक्ती मुख्यतः त्याची. त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाकडे पावलाची बाहेरची कड व करंगळी येते. चवड्यांवर उभे राहण्याची शक्ती आणि टाचेमागच्या शिरेवर टिचकी मारल्यावर पाऊल खाली जाण्याची क्रिया ही त्याची कामे.

आता टाचांवर आणि चवड्यांवर चालण्याचा खेळ समजला? टाचांवर चालता आले नाही तर चौथ्या-पाचव्या मुळाचा संशय, चवड्यांवर चालता आले नाही तर त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाचा. तिन्ही प्रकारच्या खुणा एकाच मुळाकडे बोट दाखवू लागल्या की निदान पक्के होत जाते.

दोष कुल्ल्यातच असेल तर?

प्रत्येक वेळी चकतीच दोषी असते असे नाही. पिरिफॉर्मिस स्नायू आखडला तर तो शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूला चिमटू शकतो. अशा वेळी गुडघा व खुबा वाकवून मांडी आत वळवली की स्नायू ताणला जातो आणि कुल्ल्यातील नेमके तेच दुखणे उमटते. कमरेत मात्र फारसे काही सापडत नाही. दुसरी चाचणी मराठी चारच्या आकड्याची नव्हे, इंग्रजी चारच्या आकड्याची आहे. उताणे झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि वाकलेला गुडघा हळूच खाली दाबायचा. जांघेत दुखले तर खुब्याचा सांधा, मागे कुल्ल्याच्या वर दुखले तर त्रिकास्थी व कमरेचे हाड यांमधला सांधा, असा तर्क करतात. हाताच्या बोटांनी दाबून दुखरी जागा शोधणे हाही तपासणीचा भाग आहे.

एका चाचणीवर भिस्त नको

पाय उचलण्याची चाचणी किती भरवशाची? शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांचे एक संकलन २००० साली प्रसिद्ध झाले. त्यावरून असे दिसते की, चकती खरोखर सरकलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९१ जणांत ही चाचणी दुखते. म्हणजे ती फारसे कोणाला निसटू देत नाही. पण चकती सरकलेली नसलेल्या १०० जणांपैकीही सुमारे ७४ जणांत ती दुखते! याउलट, निरोगी पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर ते लक्षण फार बोलके आहे. चकती सरकलेल्या १०० पैकी जेमतेम २९ जणांत ते आढळते, पण चकती ठीक असलेल्यांत फक्त १२ जणांत. एक चाचणी जाळे टाकते, दुसरी त्यातून निवड करते. म्हणून अनेक चाचण्या मिळून निर्णय करावा लागतो.

मग थेट एम. आर. आय. का काढू नये? कारण चित्रही फसवते. पाठ मुळीच दुखत नसलेल्या लोकांच्या चित्रांचा आढावा २०१५ मध्ये घेण्यात आला. विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतील सुमारे ८४ टक्के लोकांत चकती फुगलेली आढळली. केस पिकावेत तसेच हे. चित्रातील दोष आणि शरीरावरच्या खुणा जुळल्या, तरच त्या दोषाला अर्थ.

'कट्' आवाजाचे रहस्य

पाठीला झटका दिल्यावर 'कट्' असा आवाज येतो आणि लोक म्हणतात, "हाड जागेवर बसले." प्रत्यक्षात सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम कमी होतो आणि त्यात वायूची पोकळी निर्माण होते. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे येतात, त्यातलाच हा प्रकार. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढताना ही पोकळी एम. आर. आय. यंत्राने टिपली. आवाज पोकळी तयार होताना येतो की ती मिटताना, यावर शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे. पण हाड बसल्याचा तो पुरावा नव्हे, एवढे नक्की. अशा उपचाराने काहींना पाठीच्या दुखण्यात आराम पडतो हे खरे. परंतु कमजोर हाडे किंवा वाढत जाणारा अशक्तपणा असेल, तर झटका धोक्याचा. मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा झाल्याचीही उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत.

माझे काय झाले ते सांगतो. पहिल्या ठिकाणी मला एकही प्रश्न न विचारता दहा बैठकींचा दर सांगण्यात आला. मी परतलो. दुसरे गृहस्थ अंधेरीतील एक कायरोप्रॅक्टर होते. त्यांनी पाऊण तास तपासले. उजव्या पायाच्या चवड्यावर मला तीनदाही उचलता येईना, टाचेमागची टिचकी मंद होती. ते म्हणाले, "आज मी तुमच्या पाठीला हात लावणार नाही. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा." झटका देण्यासाठी गेलेल्या मला झटका न देणे हाच त्यांचा उपचार होता. पुढे औषधे, चालणे आणि भौतिकोपचाराचे व्यायाम यांनी अडीच महिन्यांत शक्ती परत आली. या दुखण्याच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बराच आराम पडतो. सरकलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. मात्र नुसते पडून राहण्याने फायदा होत नाही. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी लागते.

चपलेची गोष्ट

आमच्या इमारतीखालच्या स्टँडवर एक रिक्षावाले काका आहेत. दिवसाचे दहा-बारा तास ते रिक्षावर बसतात. कुल्ला दुखतो म्हणून ते गोळ्या घेत. मग एकाएकी दुखणे थांबले. काका खूष झाले. पण उजव्या पायातली चप्पल चालताना निसटू लागली. त्यांना वाटले, चप्पल ढिली झाली. त्यांनी नवी घेतली. तीही निसटू लागली. त्यात दोन महिने गेले. शेवटी मुलाने रुग्णालयात नेले तेव्हा कळले की पाचव्या मुळाचे काम जवळजवळ बंद पडले होते. अंगठा व पाऊल वर उचलत नव्हते. शस्त्रक्रिया झाली, पण पाऊल पूर्ववत झाले नाही. दुखणे थांबले ते बरे झाले म्हणून नव्हे, तार गप्प झाली म्हणून.

म्हणून या खुणा पाठ करून ठेवा. पायाची शक्ती कमी होत जाणे, पाऊल फरफटणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, बसण्याच्या जागेभोवती बधिरता येणे, दोन्ही पायांत एकदम कळा येणे, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. यांपैकी काहीही दिसले तर शेक नको, मालीश नको, झटका नको. रुग्णालय गाठावे. लघवी व बधिरतेच्या बाबतीत तर त्याच दिवशी. कमरेच्या खालच्या भागात मुळांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. तो सगळाच दबला असेल, तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

आज घरी गेल्यावर आजीला, वडिलांना किंवा शेजारच्या काकांना एवढेच विचारा, "पाठ दुखते का? चप्पल पायातून निसटते का?" उत्तर 'हो' आले, तर "नवी चप्पल घ्या" असे म्हणू नका. त्यांना टाचांवर चार पावले चालायला सांगा. आधाराला मात्र तुम्ही शेजारी उभे राहा. आणि एका पायाची टाच टेकताच पुढचे पाऊल खाली पडत असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.